जिल्ह्याचा आकडा आणि सड्यावरची वाडी

ताई, तुमचा प्रश्न मी असा समजले. तुम्ही रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीच्या सदस्य आहात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं जिल्हा पत्रक तुम्ही तालुक्याच्या बैठकीत दाखवलंत. त्यावर 'जिल्ह्याचे आकडे तर चांगले आहेत, मग तक्रार कसली?' असं उत्तर मिळालं. तुमच्या गावात मात्र खाडीलगतची वाडी आणि सड्यावरची, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावरची, धनगरवाडी यांच्यातला फरक उघड दिसतो. तो कमी करायला हे आकडे वापरता येतील का, आणि कसे, हे तुम्हाला जाणून घ्यायचं आहे.

मी या कामात आले ती घरोघर फिरून प्रश्नावली भरणारी मुलगी म्हणून. पुढे पर्यवेक्षण केलं, आकडे तपासले, आणि गेली बरीच वर्षं कोकणातल्या तालुक्यांचे आरोग्य आराखडे करायला मदत करते. माझ्या मते बैठकीत तुम्हाला दिलेलं उत्तर चुकीचं होतं, पण म्हणून पत्रकातला आकडा खोटा ठरत नाही. जिल्हा खरोखर बरा असू शकतो आणि त्याच वेळी तुमची धनगरवाडी खरोखर मागे असू शकते. सरासरीच्या पोटात दोन्ही मावतात. तेव्हा प्रश्न एवढाच उरतो की जिल्ह्यासाठी मोजलेल्या आकड्यावरून वाडीपर्यंत उतरायचं कसं.

आधी हे पत्रक बनतं कसं ते पाहू. हे सर्वेक्षण १९९२-९३ पासून होतं आणि मुंबईतली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था ते करते. जिल्हावार आकडे पहिल्यांदा २०१५-१६ च्या चौथ्या फेरीत मिळाले. पाचवी फेरी २०१९-२१ ची. तिच्यात देशभरातली सुमारे ६ लाख ३७ हजार घरं होती. ऐकायला हा डोंगर वाटतो, पण ७०७ जिल्ह्यांत वाटला की एका जिल्ह्याच्या वाट्याला नऊशेच्या आसपास घरं येतात. निवडलेल्या प्रत्येक गावातून २२ घरं घेतात, म्हणजे जिल्ह्यातली चाळीसेक गावं आणि शहरी भाग झाले. रत्नागिरी जिल्ह्यात गावं दीड हजारांच्या आसपास आहेत. तुमचं गाव त्यात निवडलं गेलंच नसण्याची शक्यता फार मोठी. निवडलं गेलं असलं तरी तीनशेहून जास्त घरांच्या गावाचे आधी भाग पाडतात आणि त्यातले दोनच भाग घेतात. कोकणातलं गाव म्हणजे डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्या. कोणता भाग चिठ्ठीत येईल हे नशिबावर असतं.

आता दुसरी गोष्ट. समजा जिल्ह्यात पाच वर्षांखालची २०० मुलं मोजली आणि त्यातली ३० टक्के वयाच्या मानाने खुजी निघाली. एका गावातली घरं एकमेकांसारखी असतात, त्यामुळे २०० स्वतंत्र मुलांइतकी माहिती त्यातून मिळत नाही. हे धरून हिशेब केला तर खरा आकडा साधारण २२ ते ३८ टक्क्यांच्या मध्ये कुठेही असू शकतो. म्हणून गेल्या फेरीत ३५ आणि या फेरीत ३० दिसले की 'सुधारणा झाली' म्हणणं धाडसाचं आहे, आणि उलट दिसलं तर आरडाओरड करणंही. पत्रकात काही आकडे कंसात असतात, काहींच्या जागी फुली असते. कंस म्हणजे तो आकडा २५ ते ४९ जणांवरच आधारलेला आहे. फुली म्हणजे २५ हूनही कमी, म्हणून छापलेलाच नाही. पत्रक हातात घेतल्यावर आधी हे कंस आणि फुल्या बघत चला.

मी स्वतः एकदा मोठी चूक केली आहे आणि ती अजून मनाला लागते. ठाणे जिल्ह्याच्या दोन फेऱ्यांचे आकडे शेजारीशेजारी मांडून मी एका बैठकीत सांगितलं की जिल्ह्यात चांगला फरक पडला आहे. जव्हारकडे काम केलेले एक वयस्कर डॉक्टर मागे बसले होते. त्यांनी शांतपणे विचारलं, 'यातले आमचे लोक कुठे गेले?' पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला, पण चौथी फेरी २०११ च्या जनगणनेतल्या जिल्ह्यांवर बेतलेली होती. म्हणजे त्या फेरीतल्या 'ठाण्या'त जव्हार, मोखाडा, विक्रमगड, तलासरी होते आणि पाचव्या फेरीतल्या 'ठाण्या'त नव्हते. आदिवासी तालुके वजा झाल्यावर उरलेल्या जिल्ह्याचा आकडा वेगळा दिसणारच. त्यातली खरी सुधारणा किती आणि हद्दीचा फरक किती, हे माझ्या तक्त्यातून सांगताच येत नव्हतं. त्या दिवसापासून कोणताही आकडा बघताना माझा पहिला प्रश्न असतो, 'यात कोण नाही?'

कोकणात हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्या काळात घरोघर फिरणाऱ्याला कुलूप नाहीतर ओसाड झोपडी दिसते. आंब्याच्या बागा राखणारे नेपाळी गडी आणि ट्रॉलरवरचे नेपाळी खलाशी कोणत्याच घराच्या यादीत नीट बसत नाहीत. उलट पहिलटकरीण माहेरी आलेली असते. आदल्या रात्री ती त्या घरात झोपली असेल तर तिची मुलाखत तिथेच होते. म्हातारी माणसं तर आपल्याकडे गावोगाव. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, कारण कमावते पुरुष मुंबईला. मागे राहिलेल्या सासूचे गुडघे, तिची दृष्टी, तिचं एकटेपण यांबद्दल हे सर्वेक्षण जवळपास काही विचारत नाही. त्याचा भर १५ ते ४९ वयाच्या स्त्रिया आणि लहान मुलांवर आहे.

गरिबी मोजण्याच्या पद्धतीकडेही लक्ष असू द्या. घरातल्या वस्तू, भिंती, छप्पर, पाणी, संडास यांवरून कुटुंबांचे पाच गट पाडतात आणि ते संपूर्ण देशाच्या मोजपट्टीने. आपल्याकडे जांभ्याचं चिरेबंदी घर असतं, त्यात मुलाने गणपतीला आणलेला टीव्ही आणि फ्रीज असतो, पण म्हातारीच्या हातात औषधाला पैसे नसतात. अशा घराची गणना खालच्या गटात होत नाही. म्हणून 'आमच्याकडे गरीब कमी आहेत' असं कोणी पत्रक दाखवून म्हणालं तर त्यांना हे समजावून सांगा.

मग या सर्वेक्षणाचा उपयोग काय? उपयोग मोठा आहे. कुठे बघायचं आणि काय विचारायचं हे ते सांगतं. महाराष्ट्राचेच आकडे घ्या. दवाखान्यातल्या बाळंतपणांचं प्रमाण चौथ्या फेरीत ९०.३ टक्के होतं, पाचव्यात ९४.७ झालं. त्याच काळात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमधला रक्तक्षय ४८ टक्क्यांवरून ५४.२ वर गेला आणि खुज्या मुलांचं प्रमाण ३४.४ वरून ३५.२ वर, म्हणजे जवळपास जागच्या जागी. मी याला सेवेचे आकडे आणि शरीराचे आकडे म्हणते. रस्ता झाला, १०८ ची गाडी आली, बाई दवाखान्यात पोचली, म्हणून सेवेचा आकडा चढला. तिच्या अंगात रक्त भरायला तिच्या ताटात काय आहे, ती दिवसाला किती तास राबते, लग्न कितव्या वर्षी झालं, दोन बाळंतपणांत किती अंतर होतं, हे बदलावं लागतं. दोन्हींचे उपाय वेगळे, म्हणून गावातली शोधाशोधही वेगळी. सेवा मागे असेल तर शेवटच्या वाडीची वाट बघा. शरीर मागे असेल तर चूल आणि मजुरी बघा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा ज्या घरात सुकट साठवायलाही पैसे नव्हते त्या घरात काय शिजतं, हे कोणत्याही पत्रकात मिळणार नाही.

आता उतरण्याची वाट. तिची सुरुवात उपकेंद्राच्या नोंदवहीपासून करा. इथे सगळ्यात मोठा घोळ भाजकाचा असतो, म्हणजे 'शंभरापैकी' मधल्या शंभराचा. वरून येणारं उद्दिष्ट जनगणनेवरून काढलेल्या अंदाजी जन्मांवर ठरतं. शेवटची जनगणना २०११ ची. रत्नागिरीची लोकसंख्या त्या दशकात वाढण्याऐवजी सुमारे १७ लाखांवरून १६ लाख १५ हजारांवर आली होती. लोकसंख्या वाढतेच असं धरून अपेक्षित जन्म काढले तर नर्सबाई कितीही राबल्या तरी त्यांचं काम अपुरं दिसतं. पनवेल, बोईसरसारख्या फुगत्या भागात नेमकं उलटं होतं. तिथे मुलं अंदाजापेक्षा जास्त असतात, सेवा शंभर टक्के दिसते आणि कित्येक मुलं सुटून जातात.

एका तालुक्यातला अनुभव सांगते, नाव लिहीत नाही. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा लसीकरणाचा अहवाल जवळजवळ पूर्ण होता. आम्ही नर्सबाईंबरोबर पाखाडीने, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेने, पाऊण तास चढून सड्यावरच्या छोट्या धनगरवाडीत गेलो. तिथे दीड वर्षाची दोन मुलं होती, नोंदवहीत एकच. दुसऱ्याचा जन्म आईच्या माहेरी, घाटावर झालेला. तिकडच्या नर्सने 'सासरी गेली' म्हणून त्याचं नाव कमी केलं होतं, आणि इकडे कोणी कळवलंच नव्हतं. दोन्हीकडच्या नोंदवह्या शंभर टक्के आणि मूल दोन्हींत नाही. कोणी खोटं लिहिलं नव्हतं. नर्सबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण त्या खरंच मन लावून काम करणाऱ्या होत्या.

त्या वाडीतल्या बायांशी बसून बोललो तेव्हा आणखी एक गोष्ट उलगडली. वाटेत एक पऱ्या, म्हणजे ओढा, आहे. पावसात त्याला पाणी आलं की जून ते सप्टेंबर खाली उतरणं धोक्याचं. बाळाच्या सुरुवातीच्या लसी सहा, दहा आणि चौदा आठवड्यांनी असतात. म्हणजे मेमध्ये जन्मलेल्या बाळाच्या तिन्ही लसी पावसातच येतात. जानेवारीत जन्मलेल्याला काही अडचण नाही. एकाच वाडीतल्या दोन बाळांचं नशीब महिन्यावरून ठरत होतं. जिल्ह्याच्या सरासरीत हे कधी दिसलं असतं? उपाय दोन निघाले. लसीकरणाचं एक सत्र सड्यावरच्या शाळेत, दुपारनंतर, गुरं परतल्यावर ठेवायचं, आणि पऱ्यावर साकव, म्हणजे छोटा पूल, मागायचा. साकवाचा प्रस्ताव ग्रामपंचायतीने बांधकामाच्या कागदावर पाठवला, पण त्याला जोडलेलं कारण लसीकरणाचं होतं. माझ्या मते असा साकव हा आरोग्यावरचाच खर्च आहे.

तुम्ही काय करावं, तर वाड्यांची यादी करा. प्रत्येक वाडीतली दोन वर्षांखालची मुलं आणि गरोदर बाया नावानिशी लिहा. आशाताई, अंगणवाडीताई आणि वाडीतली एक जाणती बाई अशा तिघींना एकत्र बसवून लिहा, कारण तिघींच्या याद्या कधीच पूर्ण जुळत नाहीत आणि न जुळणारी नावंच आपल्याला हवी असतात. वाडीचं जुनं आणि नवं अशी दोन्ही नावं नोंदवा. जातिवाचक वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला, त्यामुळे वेगवेगळ्या याद्यांत एकच वाडी दोन नावांनी दिसू शकते.

दोन हजार वस्तीच्या ग्रामपंचायतीत हजारी पंधरा जन्मदर धरला तरी वर्षाला तीसच बाळं होतात. तिथे नमुना काढू नका, सगळ्यांना भेटा. टक्केवारीही काढू नका. चार मुलांच्या वाडीत एक मूल सुटलं तर '२५ टक्के' म्हणण्यात अर्थ नाही. 'एक मूल सुटलं, या कारणाने सुटलं' हेच लिहा.

आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी बरोबर आले आणि पूर्ण क्षेत्र बघायचं ठरलं, तर एकोणीसची पद्धत वापरा. ती जगभर वापरली जाते आणि मला फार आवडते. प्रत्येक उपकेंद्राच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून १९ मुलं निवडायची. उद्दिष्ट ८० टक्के लसीकरणाचं असेल तर १९ पैकी किमान १३ मुलांच्या लसी पूर्ण हव्यात. १३ पेक्षा कमी निघाली तर ते उपकेंद्र मागे आहे असं धरून तिथे आधी जायचं. त्यातून नेमकी टक्केवारी मिळत नाही, पण मदत आधी कुठे न्यायची हे कळतं. पाच उपकेंद्रांचे मिळून ९५ झाले की पूर्ण क्षेत्राचा अंदाजही सुमारे दहा टक्क्यांच्या फरकाने बांधता येतो. मात्र चिठ्ठी खरी टाका. रस्त्यालगतची सोयीची घरं निवडली तर सगळी मेहनत वाया जाईल.

सर्वेक्षण जे विचारतच नाही तेही यादीत राहू द्या. साप, विंचू, लेप्टोस्पायरोसिस, सिंधुदुर्गातल्या दोडामार्गकडे २०१६ पासून दिसलेला माकडताप, काजूच्या टरफलातल्या तेलाने भाजलेले हात. महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या बारीक नोंदी ठेवल्या आणि पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा उपचार रूढ केला. पूर्वी विंचवाच्या दंशाने कित्येक मुलं दगावत. आपल्याच मातीत, एका साध्या केंद्रात, रुग्णाच्या उशाशी बसून केलेल्या नोंदींतून हे घडलं, याचा मला फार अभिमान वाटतो.

हे आकडे मांडताना जपा. बारा घरांच्या वाडीत नुसता 'एक कुपोषित मूल' असा आकडा सांगितला तरी ते कोणाचं हे सगळ्या गावाला कळतं. ग्रामसभेत वाडीची वाट, अंतर आणि वेळ मांडा. घरांची नावं आणि कागद आरोग्यसेविकेजवळच राहू द्या. वाडीचं नाव घेतलं की जात डोळ्यांपुढे येते आणि चर्चा 'ते लोकच येत नाहीत' इथे घसरते. अशा वेळी मी सत्राची वेळ आणि पऱ्याच्या पाण्याचे महिने एका कागदावर लिहून पुढे ठेवते. त्यावर वाद घालता येत नाही. तुमच्या वाडीतली बाई स्वतः बोलायला तयार असेल तर तिलाच बोलू द्या. राज्यात २००७ पासून आरोग्यसेवेवर लोकाधारित देखरेखीचा प्रयोग झाला. पहिल्या पाच जिल्ह्यांत ठाणे होता. तिथल्या जनसुनवाईत मी पाहिलं आहे की अधिकारी तक्त्यापेक्षा समोर उभ्या असलेल्या आईचं जास्त लक्षपूर्वक ऐकतात. तक्ता लागतो तो दुसऱ्या दिवशी, आदेश काढताना.

तालुक्याला पुन्हा जाल तेव्हा जिल्ह्याच्या पत्रकावर भांडू नका. 'जिल्हा चांगला आहे हे मान्य, म्हणूनच ही दोन मुलं आणि हा एक पऱ्या एवढंच काम उरलं आहे' अशी मांडणी करा. मागणी लहान आणि नेमकी असली की नाकारणं अवघड जातं. गावच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा आणि स्वच्छता समितीला वर्षाला दहा हजारांचा मुक्त निधी ठरलेला असतो. तो आला का, कशावर गेला, हे विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे. साकव त्यात होणार नाही, पण सत्राच्या दिवशी नर्सबाईंच्या गाडीभाड्याची किंवा मुलांच्या दंडाच्या घेराच्या पट्ट्यांची सोय होऊ शकते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा हा घेर ११.५ सेंटीमीटरहून कमी भरला तर ते मूल तीव्र कुपोषित समजून लगेच पुढे पाठवायचं.

काही गोष्टी तुमच्याकडच्या परिस्थितीवर ठरतील. उपकेंद्रात नर्सबाईंचं पद भरलेलं आहे का? रिकामं असेल तर यादीआधी ते भरून घेण्यासाठी भांडावं लागेल. आशाताई कोणत्या वाडीतल्या आहेत? त्या एका वाडीतल्या असल्या आणि दोन वाड्यांत बोलाचाली नसली, तर यादीत भोक पडणारच. सरपंच बरोबर आहेत का? नसतील तर वैद्यकीय अधिकाऱ्यांमार्फत जाणं सोपं पडतं. आणि तुमच्या हद्दीत कातकरी वाडी असेल तर पहिली मोजणी दिवाळीआधीच उरका. त्यानंतर ती घरं भट्टीवर गेलेली असतील. ती कोणत्या गावच्या भट्टीवर जातात हे त्यांच्याकडूनच लिहून घ्या, म्हणजे तिकडच्या नर्सबाईंना मुलांची नावं फोनवरून देता येतील.